आंघोळीच्या रुमालाला जाळी आणि काठ कशाला? मांजरसुंब्यावरून जाणाऱ्या कापसाचं आणि दोन सुयांचं गणित

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकात कापूस दिसायला लागतो. बीडपासून वीसेक किलोमीटरवरचं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव बऱ्याच जणांना माहीत असतं ते चहा-जेवणासाठी थांबायचं ठिकाण म्हणून, नाहीतर कपिलधारला जाताना लागतं म्हणून. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो आणि पाटोदा-अहिल्यानगरकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला इथंच छेदतो. त्यामुळे गेवराई, माजलगाव, वडवणी या कापसाच्या पट्ट्यातून निघालेली बोदं कुठे ना कुठे जाताना या चौकात दिसतात.

याच रस्त्यानं खाली गेलं की सोलापूर लागतं. सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते, पण तिथल्या टेरी टॉवेललाही जीआय मानांकन आहे हे फार जणांना माहीत नसतं. म्हणजे एकाच रस्त्याच्या एका टोकाला कापूस पिकतो आणि दुसऱ्या टोकाला त्या जातीच्या सुताचा टॉवेल होतो. मधल्या गावांच्या वाट्याला वेचणी येते, आणि वेचणी बहुतेक करून बायाच करतात.

आता विषय टॉवेलचा नाही, त्याच्या धाकट्या भावंडाचा आहे. अमेरिका-युरोपात ज्याला वॉशक्लॉथ म्हणतात तो वीतभर लांबी-रुंदीचा सुती रुमाल. साबण लावून तोंड, मान, अंग घासायचं, पिळायचा, वाळत टाकायचा. तिकडे तो हातानं, दोन सुयांवर विणायची मोठी हौस आहे. मधोमध जाळीची नक्षी आणि चारी बाजूंनी उठावदार काठ, असं त्याचं रूप असतं. नवीन विणणाऱ्याला पहिला धडा म्हणून हाच रुमाल देतात.

आपल्याकडे या वस्तूला धड नाव नाही, कारण ते काम वेगळ्या गोष्टी करत आल्या. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, टाचांना वजरी, दिवाळीला उटणं आणि अंग पुसायला पंचा. सोयीसाठी इथून पुढे त्याला नुसतं रुमाल म्हणू.

मग जाळीचं विणकाम आपल्याकडे नव्हतं का? होतं की. ते टीव्हीवर होतं, फ्रिजवर होतं, देव्हाऱ्यात होतं, ताटावर झाकायला होतं. आणि सगळ्यात जास्त रुखवतात होतं. लग्नाआधी मुलीनं क्रोशाची सुई घेऊन तोरणं, रुमाल, टेबलक्लॉथ विणायचे, लग्नात ते मांडायचे, पाहुण्यांनी बघायचे आणि नंतर ते ट्रंकेत जायचे. महिनोन्महिन्यांची मेहनत, आणि वापर शून्य. पाणी लागलं तर खराब होईल म्हणून त्याला कुणी हातही लावायचं नाही. सुती जाळीचा रुमाल नेमका याच्या उलट आहे. तो रोज भिजावा म्हणूनच विणलेला असतो, आणि त्याच्यावरची प्रत्येक नक्षी कशासाठी तरी असते.

विणकाम म्हणजे लोकर, हा गैरसमज

मराठीत ‘विणणे’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. मागावर पैठणी विणतात, सुतळीनं बाज विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. पण तिन्हींची रचना वेगळी. मागावर उभा ताणा असतो आणि त्यातून आडवा बाणा जातो. सुयांवर मात्र एकच दोरा असतो. त्याचा एक फास, त्या फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. अख्खं कापड म्हणजे एकमेकांत अडकलेल्या फाशांची रांग. म्हणून तर एक टाका निसटला की खालपर्यंत शिडी पडते आणि टोक ओढलं की सगळं उसवून पुन्हा गुंडा करता येतो.

‘सुयांवरचं विणकाम’ म्हटलं की डोळ्यांपुढे लोकर येते, थंडी येते, बाळाचं टोपडं येतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं स्वेटर किती दिवस लागणार? पण जगात सापडलेल्या सुयांवरच्या विणकामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत इजिप्तमध्ये मिळालेले मोजे आहेत. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. आणि ते सुताचे आहेत, निळ्या-पांढऱ्या कापसाच्या सुताचे. लोकरीचं वर्चस्व पुढे थंड देशांत वाढलं. आपल्याकडे हे विणकाम रुजलं ते इंग्रजी अमलात, मिशनरी बायकांनी आणि मुलींच्या शाळांतल्या शिवण-विणकामाच्या तासांनी. ते लोकरीसकटच आलं.

सुताचे गुण मात्र या कामाला नेमके लागू पडतात. कापसाचा तंतू ओला झाला की कमजोर होत नाही, उलट सुक्यापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त ताण सहन करतो. लोकरीचं बरोबर याच्या विरुद्ध असतं. सूत पाणी शोषून घेतं, उकळत्या पाण्यात टाकलं तरी टिकतं, साबणाला घाबरत नाही. रोज पिळायच्या वस्तूला याहून चांगला धागा कुठला?

दोष एकच, सुताला लोकरीसारखी लवचिकता नाही. लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या नागमोडी असतो, ओढला की ताणतो आणि सोडला की परत येतो. सूत तसं करत नाही. त्यामुळे सुतावर विणताना बोटं लवकर दुखतात आणि टाका जरा सैल-घट्ट झाला तर लपत नाही. लोकरीवर हात बसलेल्या बाईलाही पहिला सुती रुमाल चिडचिड करायला लावतो. दोरा बोटाला फार घट्ट न गुंडाळणं आणि अर्ध्या तासानं हात मोकळे करणं, एवढाच त्यावर उपाय.

काठ शोभेचा नाही

विणकामात मुळात दोनच टाके. सुलट आणि उलट. तेही खरं तर एकच. समोरून बघितलं तर सुलट, तोच मागून बघितला तर उलट. ‘एक सुलट, दोन उलट’ हे पाठ असलेल्या आज्या अजून घरोघरी सापडतील.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेलं की पुढून गुळगुळीत, बारीक वेण्या घातल्यासारखं कापड तयार होतं. टी-शर्टचं कापड नीट निरखलं तर तेच दिसेल. दिसायला सुंदर, पण त्याला एक खोड असते. ते वळतं. दोन्ही बाजू मागच्या दिशेला गुंडाळल्या जातात, खालची आणि वरची कड पुढच्या दिशेला. कारण सगळे फास एकाच तोंडाचे असतात. पुढच्या बाजूचा ताण वेगळा, मागच्या बाजूचा वेगळा, आणि वाकवलेला दोरा सरळ व्हायला धडपडत असतो. मोकळ्या कडेला त्याला अडवणारं कुणी नसतं. इस्त्री फिरवून हे जात नाही, एका धुण्यात परत येतं.

आता येतो काठ. काठाला प्रत्येक ओळ सुलट विणायची, पुढूनही आणि मागूनही. मग कापडाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच आडव्या वळ्या येतात, दोन्हीकडचा ताण एकमेकांना तोलून धरतो आणि कड सपाट राहते. दुसरी पद्धत म्हणजे एक सुलट-एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट. त्यानं साबुदाणे पसरल्यासारखा खरखरीत पोत येतो. तोही वळत नाही.

म्हणजे लुगड्याच्या काठासारखा हा काठ वेगळा रंग दाखवायला नाही. तो आतल्या जाळीला चौकट देतो. काठाशिवाय विणलेला जाळीचा रुमाल दोऱ्याच्या गुंडाळीसारखा दिसतो, आणि पहिल्यांदा विणणारे बऱ्याचदा काठ ‘नंतर बघू’ म्हणूनच फसतात. नंतर बघणं किचकट होतं, तो विणतानाच घेतलेला बरा.

शिवाय काठाच्या वळ्या अंग घासायच्या कामी येतात. टाचा, कोपरं, मान यांना गुळगुळीत कापड काय घासणार?

जाळी म्हणजे जमा-खर्च

जाळीचं भोक पाडायची युक्ती इतकी सोपी आहे की कळल्यावर हसू येतं. दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर दोरा नुसता एक वेढा घ्यायचा. परत येताना तो वेढा टाका म्हणून विणायचा. त्याच्या खाली काहीच नसतं, म्हणून तिथं भोक दिसतं.

पण त्यानं एक टाका वाढला. असं प्रत्येक वेढ्याला वाढत गेलं तर चौकोनाचा पंखा होईल. म्हणून जितके वेढे, तितक्या वेळा दोन टाके एकत्र विणून एक करायचा. जमा तितका खर्च. जगातली कुठलीही विणलेली जाळी घ्या, चौकोनी असेल तर तिचा हिशेब जुळलेलाच असतो. नक्षी बदलते ती फक्त जमा कुठे आणि खर्च कुठे यानं. खर्च एकीकडे आणि जमा दुसरीकडे ठेवली की ओळी वाकतात आणि लाटा तयार होतात.

लाटांची सगळ्यात प्रसिद्ध नक्षी स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरची, ‘ओल्ड शेल’ नावाची. तिकडे ती लोकरीच्या शालींवर असते. सुती रुमालाला ती अगदी चपखल बसते, कारण चार ओळींपैकी एकाच ओळीत डोकं लावावं लागतं.

करून बघायचं असेल तर रुमालाचा पूर्ण हिशेब असा आहे. सुया ४ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या दुकानात ‘८ नंबर’. (आपल्याकडे जुनी इंग्लंडची मोजणी चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. यात भलेभले फसतात.) सुईवर ४४ टाके घालायचे. पहिल्या ८ ओळी सगळ्या सुलट, हा खालचा काठ. त्यानंतर दोन्ही कडांचे ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलटच ठेवायचे, ते बाजूचे काठ. मधल्या ३६ टाक्यांवर नक्षी.

नक्षीची पहिली ओळ सगळी सुलट. दुसऱ्या ओळीत मधले ३६ उलट. तिसरी ओळ जाळीची. दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग सुईवर दोरा घ्या आणि एक सुलट, असं सहादा. पुन्हा दोन टाके एकत्र, तीनदा. हे झाले १८ टाके. तेच आणखी एकदा, की ३६ पूर्ण. चौथी ओळ सगळी सुलट, तिनं पुढून एक उठावदार वळी येते आणि लाट उठून दिसते.

हिशेब तपासा. १८ टाक्यांत सहा वेढ्यांनी सहा वाढले, सहा जोड्यांनी सहा कमी झाले. बाकी १८. तिसऱ्या ओळीनंतर टाके मोजायची सवय लावली तर चूक तिथल्या तिथं सापडते. दहा ओळी पुढे गेल्यावर सापडली तर उसवण्याशिवाय गत्यंतर नाही.

या चार ओळी १२ वेळा, शेवटी परत ८ ओळी सुलट, आणि टाके बंद. बंद करताना हात सैल ठेवायचा, नाहीतर वरची कड आखडते. साधारण २४ सेंटिमीटरचा चौकोन होतो. खालची-वरची कड थोडी लहरीदार येईल, तो या नक्षीचा स्वभाव आहे. दोऱ्याची टोकं निदान वीतभर ठेवून दोन उलटसुलट दिशांनी कापडात ओवायची. सूत घसरतं, एकाच दिशेनं ओवलेलं टोक चौथ्या धुण्याला बाहेर डोकावतं. आणि मध्ये गाठ मारायची नाही, ती नेमकी गालाला टोचते.

आता जाळीचा उपयोग काय? भोकांत हवा अडकते, त्यामुळे फेस पटकन होतो. कापड जागोजागी विरळ असल्यानं लवकर वाळतं, आणि दमट रुमालात जंतू वाढतात हे लक्षात घेतलं तर लवकर वाळणं ही चैन नाही. मात्र सगळाच रुमाल जाळीचा केला तर तो पुसत काहीच नाही. भोकं जितकी जास्त, अंगाला लागणारं सूत तितकं कमी. वरच्या हिशेबात चारांतली एकच ओळ जाळीची आहे ती त्यामुळेच.

‘लोकर’ मागितली तर काय मिळेल?

खरी अडचण दोऱ्याची आहे. तालुक्याच्या दुकानात ‘विणायची लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ना लोकर असतं ना सूत. ते ॲक्रिलिक असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. रंग झकास, किंमत कमी, पण पाणी शोषत नाही. त्याचा रुमाल पाणी इकडून तिकडे ढकलतो. गरम भांडं धरायला घेतला तर वितळूही शकतो.

ओळखायची जुनी रीत आहे. दोऱ्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख उरते. ॲक्रिलिक वितळून आक्रसतं आणि कडक काळा मणी मागे राहतो.

क्रोशाचा चमकदार दोरा शंभर टक्के सुती असतो, पण त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजानं १८४४ साली ती शोधली, म्हणून त्याला मर्सराइज्ड म्हणतात. तोरणाला तो उत्तम. अंग घासायला गुळगुळीत लागतो आणि या सुयांना फार बारीकही पडतो. रुमालाला हवा तो बिनचमकीचा, जाडसर, चारेक पदरांचा मऊ सुती दोरा. एका रुमालाला ४० ते ५० ग्रॅम पुरतो.

मग एका रुमालात बीडच्या शेतकऱ्याचे किती?

क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. सूतगिरणीत कचरा, तूट जाते ती वेगळी. त्यामुळे ५० ग्रॅम सुताला अंदाजे १७० ग्रॅम कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. या भावानं १७० ग्रॅमचे होतात १४ रुपयांच्या आसपास. बाजारात हमीभावापेक्षा कमी मिळाला तर तेवढेही नाहीत. आणि या १४ रुपयांत बियाणं, खत, फवारणी, वेचणी सगळं आलं.

आता विणणारीचं बघू. ४४ टाके गुणिले ६४ ओळी, म्हणजे २,८१६ टाके. हात बसलेली बाई सुतावर, जाळी सांभाळत, मिनिटाला १५ टाके विणते असं धरलं तर १८८ मिनिटं. टोकं ओवणं, धुणं, ताणून वाळवणं धरून साडेतीन तास. २०२५-२६ साठी राज्यातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. साडेतीन तासांचे १३६ रुपये.

१४ रुपयांचा कापूस आणि १३६ रुपयांचे हात. दोऱ्याची दुकानातली किंमत यात अजून धरलेलीच नाही. एका बाईची कमाई म्हणून हा आकडा थोडका आहे, रोजगार हमीइतकाच. पण विकायला बसवलेल्या रुमालाची किंमत ठरवताना हाच आकडा सगळ्यात आधी गायब होतो. ‘घरी बसून टीव्ही बघता बघता विणलाय, त्याचे काय एवढे?’ हे वाक्य गिऱ्हाईकही म्हणतं, घरचेही म्हणतात आणि पुष्कळदा विणणारी स्वतःही म्हणते.

या वाक्यानं काय होतं याचं भारतातलं ठळक उदाहरण आंध्र प्रदेशातल्या नरसापूरचं. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी क्रोशाची जाळी शिकवली आणि पुढे ती परदेशात जायला लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर अभ्यास केला, तो १९८२ साली पुस्तकरूपानं आला. त्यात दिसलं ते असं की बाया दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. ‘गृहिणी फावल्या वेळात करतात’ असा समज असल्यानं मजुरी किमान वेतनाच्याही खूप खाली होती. पैसा व्यापाऱ्यांकडे आणि निर्यातदारांकडे साठत गेला. नरसापूरच्या त्या जाळीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. मानांकनानं नक्कल थांबवायला मदत होते. मजुरी किती द्यायची हे ते ठरवत नाही.

बीडच्या बाबतीत हा धोका जास्तच आहे. दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. सुया आणि दोऱ्याचा गुंडा पिशवीत मावतो, वीज लागत नाही, म्हणून ‘तोडीवरच्या बायांना हे द्या’ असं शहरात बसून सुचवणं सोपं असतं. पहाटे चारपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईला साडेतीन तास कोण देणार? हे काम गावात राहणाऱ्या, ज्यांच्याकडे वेळ आहे आणि त्या वेळेला किंमत मिळेल अशांसाठी आहे. बचत गटांना ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत थेट गिऱ्हाईक भेटतं, तिथं मधला दलाल नसतो. पण तिथंही पाटीवर आकडा आपणच लिहायचा असतो.

गटानं एकत्र विणायचं तर एक व्यावहारिक गोष्ट उपयोगी पडते. प्रत्येकीनं पहिला रुमाल घड्याळ लावून विणायचा आणि लागलेली मिनिटं, ग्रॅम वहीत लिहायचे. किंमत त्यावरून. एकीचे चार तास आणि दुसरीचे अडीच निघाले, तर जाळी दुसरीकडे आणि साधे वळ्यांचे रुमाल पहिलीकडे, अशी वाटणी करता येते.

घेणाऱ्यांनी पहिल्यांदा रुमाल वेगळा, कोमट पाण्यात धुवावा; गडद रंग थोडा सुटतो आणि सूत थोडं आटतं. वापरल्यावर पिळून पसरून वाळत घालायचा, नळावर चुरगाळून ठेवायचा नाही. दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात. सॉफ्टनर घालू नये, त्यानं सुताची पाणी शोषायची ताकद कमी होते. आणि एखादा टाका तुटलाच तर कात्री न लावता त्याच रंगाच्या दोऱ्यानं लगेच ओवून घ्यायचा, शिडी पडायच्या आत.